सातवा ट्रॅक

६ एप्रिल, रविवार

मिळाली. शेवटी अमळनेरला — सुलक्षणा मॅडमच्या कपाटात, मुलीच्या जुन्या पुस्तकांखाली. ‘सुसाट जोडी’. वीस वर्षांपूर्वी धुळ्यात रुपचंद सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बनलेला बैलगाड्यांच्या शर्यतीचा गेम, सगळा अहिराणीत. मुंबईहून सीडी छापून आणल्या होत्या, क्लासच्या पोरांना वाटल्या होत्या. आता कुणाकडेच नाही. धुळ्यात विचारलं, दोंडाईच्याला विचारलं, भंगारवाल्यांकडची पोती उपसली. सगळीकडे एकच उत्तर — फेकली असेल.

बाबा तेव्हा त्या क्लासमध्ये शिपाई होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. एखादं मशीन रिकामं झालं की खेळायला मिळायचं. शेवटच्या शर्यतीपर्यंत मी कधीच पोचलो नाही. मोठी पोरं पोचायची, आणि तिथे खूप हसायची एवढं आठवतं.

मॅडम त्या क्लासमध्ये शिकवायच्या. गेममधले बैल त्यांनीच काढले होते. डिस्क देताना म्हणाल्या, “मे महिन्यात आम्ही हे घर सोडतोय. मुलीकडे नाशिकला. तोवर ठेव. पण जशी नेतोस तशी आण, प्रशील.”

एस.टी.त मांडीवर धरून आणली. घरी आल्यावर दिव्यासमोर धरली. कडेने तपकिरी कड आली आहे आणि तिच्या आत टाचणीने टोचल्यासारखी भोकं. उजेड आरपार दिसतो. आतला चंदेरी थर हवेने खाल्लाय, अजून खातोय.

७ एप्रिल

शाळेत शिकवून आल्यावर सुरुवात. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल नाही.

बाबा दारातून म्हणाले, “आनि नवी थाळी आनी का?” ते सगळ्या डिस्कना थाळीच म्हणतात. जुन्या डिस्क शोधून त्यांच्या प्रती इंटरनेटवरच्या संग्रहात चढवायचं माझं काम त्यांना माहीत आहे. मी हो म्हणालो. कुठली ते सांगितलं नाही. झाली की दाखवीन. खूश होतील.

पहिला ट्रॅक म्हणजे गेमचा प्रोग्रॅम. दोन वेगळे ड्राइव्ह वापरतो, दोघांनी वाचलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत सारखं निघालं तरच ती प्रत. नाहीतर नुसती नक्कल. पहिला ट्रॅक सारखा निघाला.

उरले सहा ट्रॅक आवाजाचे. तिथेच भीती. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे आवाज सगळा कडेला — जिथे ती सडली आहे. शिवाय आवाज वाचताना ड्राइव्ह चुकला, तर तो थांबत नाही. आजूबाजूचं बघून मधलं स्वतःच भरतो आणि काहीच झालं नाही असं दाखवतो. कानाला कळतही नाही.

१० एप्रिल

तिसरा ट्रॅक वाचताना लाइट गेली. डिस्क आत, पूर्ण वेगात. ड्राइव्ह करकरला आणि थांबला. अंधारात तसाच बसलो, पिन घालून ट्रे उघडायची हिंमत होईना.

डिस्क ठीक आहे. इन्व्हर्टरवर जोडायला हवं होतं. आईने सकाळीच सांगितलं होतं लाइट जाणार म्हणून.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. बाबा पांढऱ्या सदऱ्यात. डिस्कला हात लावला नाही.

१७ एप्रिल

दोन ते सहा जुळले. पाचव्यात द्रौपदाबाई नावाच्या म्हातारीचा आवाज आहे, कुणाची गाडी पुढे, कुणाची मागे, ते शिव्या देत देत सांगते. इतकी खणखणीत अहिराणी मी कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकली नाही. एकटाच हसलो.

सातवा जुळत नाही. दर वेळी वेगळा निघतो. एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचला तरी वेगळा. मधे कुणीतरी ओरडतंय एवढं कळतं, बाकी खरखर.

प्रोग्रॅममधून शेवटच्या शर्यतीची चित्रं काढून पाहिली. वेशीवर एक माणूस गाडीला आडवा येतो. त्याच्या अंगावरून गाडी नेली की जास्तीचे गुण. तो हात जोडतो. त्याचे कपडे, हातातली काठी आणि झाडू, उभं राहायची जागा — तो कोण हे लिहून ठेवायची गरज नव्हती. आमच्यातलाच.

पोरं तिथे हसायची.

कॉम्प्युटर बंद केला. मग परत सुरू केला. सातवा वाचायचाच. आता तर जास्तच.

२० एप्रिल, रविवार

दुपारी दारात गाडी. रुपचंद सर. केस पांढरे झालेत, बाकी तसेच. धुळ्यात आता त्यांची मोठी शाळा आहे. मॅडमकडून कळलं म्हणाले. बाबा उठून उभे राहिले — आपोआप, वीस वर्षांपूर्वी राहायचे तसे. मला ते आवडलं नाही. सरांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. “देवचंदभाऊ, बसा हो.” आई चहा ठेवायला गेली, बाबा दूध आणायला बाहेर पडले, तेवढ्यात सरांनी मुद्द्याला हात घातला.

“गेम जगासमोर येतोय, आनंद आहे. पण तो शेवटचा सीन काढ. आम्ही तरुण होतो, कळत नव्हतं. चुकीचं होतं ते.”

मी म्हणालो, “चुकीचं होतं हे लिहून ठेवू, सर. तुमच्या नावाने लिहू. पण काढणार नाही. काढलं तर ती प्रत राहत नाही.”

“कुणाला दुखवायचं आहे तुला? तुझ्याच लोकांना?”

“माझ्या लोकांना माहीत आहे काय चालायचं ते. नसल्यासारखं केलं तर तुम्हालाच बरं वाटेल.”

मी त्यांच्याशी असं कधी बोललो नव्हतो. सर रागावले नाहीत. हळू म्हणाले, “सातवा ट्रॅक ऐकलास?”

“अजून वाचला जात नाही.”

“मग नको वाचू.” उठले. चपला घालताना म्हणाले, “आवाज कुणाचा आहे ते बाबांना विचार. नाहीतर विचारूच नको. तेच बरं.”

बाबा दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हा गाडी वळत होती. त्यांनी हात केला.

२१ एप्रिल

विचारलं नाही.

२३ एप्रिल

पारा चव्वेचाळीसच्या वर. दुपारी ड्राइव्ह हाताला चटका देतो, वाचन आणखी बिघडतं. आता पहाटे वाचतो, खिडकी उघडी ठेवून, सगळ्यात कमी वेगावर. कडेची जागा थोडी थोडी, पुन्हा पुन्हा. जुना ड्राइव्ह, मग नवा, मग जुना. जुळलेला तुकडा बाजूला ठेवायचा. न जुळलेल्याच्या मागे लागायचं.

डिस्क बाहेर काढली की बोटाला चंदेरी चुरा लागतो. प्रत्येक वाचनात ती थोडी मरते आहे. थांबलो तरी मरणारच.

बाबा पहाटे उठतात. बाहेर कट्ट्यावर बसून दात घासतात, खाकरतात. मधे एक भिंत. मी हेडफोन घट्ट दाबून बसतो.

२५ एप्रिल

जुळला. सातवा ट्रॅक दोन्ही ड्राइव्हवर सारखा. एकही जागा भरलेली नाही, सगळं खरं वाचलेलं.

ऐकला.

आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग “बाजूले व्हय, बाजूले व्हय”. मग तो माणूस. “नका मालक, पाय पडस, मन्ही पोरं शेतस घर.” घरी पोरं आहेत, असं म्हणतो. आणि रडणं. मागून पोरांचं हसणं, जवळजवळ पूर्ण वेळ.

‘मालक’ म्हणताना ‘ल’ जरा ओढला जातो. बाबा तसंच म्हणतात. आई त्यावरून त्यांना चिडवते.

शाळेत गेलो. दोन तास शिकवलं. काय शिकवलं माहीत नाही.

२७ एप्रिल, रविवार

अमळनेर. मॅडमकडे सामान बांधलेलं, खोकी दारापर्यंत. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि आधीच खाली बसल्या.

“कळलं का तुला?”

त्यांनी सांगितलं ते जसं आठवतं तसं. रेकॉर्डिंगला पोरं आणली होती, कुणालाच रडणं जमेना. सगळे हसायचे. कुणीतरी म्हणालं, देवचंदला बोलवा, त्याला जमेल. बाबा दारातल्या स्टुलावरून उठून आत आले. काय म्हणायचं ते दोनदा विचारून घेतलं. माइकसमोर उभे राहिले, एकदाच केलं. एकदाच. कुणी टाळ्या वाजवल्या. मग ते मडक्यातलं पाणी प्यायले आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

“तुम्ही काय केलंत?”

“हसले. सगळे हसत होते.” मग म्हणाल्या, “किती चांगलं करतात, असं वाटलं होतं मला. खरंच तेवढंच वाटलं होतं.”

मॅडमनी चहा केला, तो घेतला. परतीच्या गाडीत वाटलं, घ्यायला नको होता. मग वाटलं, त्याने काय झालं असतं.

२ मे

डिस्क परत द्यायची म्हणून शेवटचं एकदा लावून पाहिली. पहिला ट्रॅक वाचते. चौथ्याच्या पुढे ड्राइव्ह नुसता शोधत राहतो. कडेचा थर पापुद्र्यासारखा सुटलाय. मॅडमना फोन केला, सांगितलं जशी नेली तशी राहिली नाही. “राहू दे रे,” म्हणाल्या. “तुझ्याकडेच ठेव.”

म्हणजे सातवा ट्रॅक आता फक्त माझ्या हार्ड डिस्कवर आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. मी एक बटण दाबलं तर तो कधी झालाच नव्हता.

५ मे

तीन दिवस डोक्यात तेच. त्या रविवारी सरांना म्हणालो होतो, नसल्यासारखं केलं तर तुम्हालाच बरं वाटेल. मोठ्या तोंडाने. तेव्हा तो आवाज कुणाचा हे माहीत नव्हतं.

चढवला तर कुणीही ऐकेल. पोरं तुकडा कापून मोबाइलवर फिरवतील, हसतील, पुन्हा. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात बसतात, तिथे कुणीतरी तो त्यांच्याच समोर वाजवेल.

संग्रहाच्या कॅटलॉगमध्ये लिहिलं: ट्रॅक एक ते सहा, पडताळलेले. ट्रॅक सात: डिस्क खराब, वाचता आला नाही.

इतकी वर्षं या कामात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. एखादा ठिपका जुळला नाही म्हणून आठवडे घालवलेत. हे लिहायला क्षणही लागला नाही. अजून पाठवलेलं नाही. उद्या पाठवीन. मूळ फाइलही उद्याच पुसायची, नाहीतर मी रोज ती उघडून ऐकत बसेन.

रुपचंद सरांना मेसेज केला — सातवा ट्रॅक येणार नाही. लगेच उत्तर आलं, हात जोडलेले.

६ मे

पुसली नाही. पाठवलंही नाही. उद्या.

७ मे

सरांनी बाबांना फोन केला. आभार मानायला! “देवचंदभाऊ, पोरगा समजदार निघाला, तुमचा मान राखला.” बाबा हो सर, हो सर म्हणत होते. फोन ठेवला आणि मला विचारलं, “कोनती थाळी होती ती?”

सांगितलं. सगळं. ते ऐकत होते, मान खाली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली, तिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणालो, काळजी करू नका बाबा, कुणी ऐकणार नाही, मी काढून टाकतोय. मला वाटलं बरं वाटेल त्यांना.

बाबा उठून बाहेर गेले. जेवले नाहीत. आई म्हणाली, “हे काय सांगितलंस तू त्यांना?” आता कट्ट्यावर बसलेत. मी बोलवायला जात नाही. भीती वाटते.

८ मे

सकाळी बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, लाव. लावला. हेडफोन नको म्हणाले, मोठ्याने लावायला सांगितलं. आईपण ऐकत होती.

संपल्यावर बाबा म्हणाले, “हसनं त्यासनं शे. रडनं मनं शे. ते नाटक नव्हतं, प्रशील. त्या दिन मी खरंच रडनू. कोनले समजनं नही.” मग — “काढू नको. नाव टाक मनं.”

टाकलं. देवचंद पुना अहिरे. चढवलं.