अहवालातलं एक वाक्य

प्रिय छकुले,

पस्तिशी उलटली तरी हीच हाक मारणार, चालवून घे. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमीच, असं मी म्हटल्यामुळे दोन दिवस अबोला होता.

राज्याच्या लोकसंख्येचा यंदाचा अहवाल माझ्याकडे होता, निवृत्तीआधीचा शेवटचा. लहानपणी तू माझ्या टेबलाखाली बसून वयोगटांचे तक्ते रंगवायचीस. तळाची पट्टी अगदी तान्ह्या मुलांची, इतकी लांब की तुझा खडू झिजून जायचा. आता ती आखडलीय आणि मधलाच भाग फुगलाय. "साहेब, राज्याला तुमच्यासारखं पोट सुटलं," असं आमचा शिपाई म्हणतो. आपल्या गल्लीतही तेच. तुझ्या शाळेचे खालचे वर्ग बंद पडले, तिथे म्हाताऱ्यांचा दवाखाना आलाय. तू पाढे म्हणायचीस त्या खोलीत मी रक्तदाब मोजून घेतो. बेकरी परराज्यातून आलेल्या एका जोडप्याने घेतली. त्यांची तीन पोरं दोन भाषांतून भांडतात, गल्लीत गोंगाट काय तो तेवढाच. आई खिडकी मुद्दाम उघडी ठेवते.

गेल्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी माझ्या प्रस्तावनेत एक वाक्य घातलं: शिकलेल्या बायका जबाबदारी टाळतात, म्हणून जन्म घटले. मी ते खोडलं. त्यांनी बोलावून घेतलं. मी म्हटलं, आकडे किती ते सांगतात, का ते नाही. ते म्हणाले, "तुम्हाला एवढं काय लागलं त्यात?" तीस वर्षं मान खाली घालून बेरजा केलेला माणूस मी, पण तोंडातून निघून गेलं, "त्यात माझी मुलगी आहे, साहेब. आणि ती काहीही टाळत नाही." वाक्य शेवटी राहिलंच. मग मी प्रस्तावनेखालचं माझं नाव काढायला लावलं. अहवाल बिननावाचा छापून आला. आईने तो कपाटात ठेवून दिलाय.

साहेबांपुढे जे बोललो ते तुझ्यापुढे बोलायला हवं होतं. मूल नको असं ठरवलंय हे तू सांगितलंस आणि मी कप उचलून आत निघून गेलो. तू ते रागावणं समजलीस. पोरी, राग नव्हता गं. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू, आणि ते तुला दिसू नये म्हणून मी उठलो. ते वाईट वाटणं माझं आहे, ते मी निस्तरीन. तुझं काही चुकलेलं नाही. पाच महिने तू फोन आईला करतेस आणि माझी तब्येत तिला विचारतेस. मी शेजारीच बसलेला असतो. या रविवारी फोन मला द्यायला सांग. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल.

तुझाच, शेजारच्या खुर्चीतला,
बाबा