‘राजकीय गुपिते’ हा शेरा माझ्या निकालपत्रकातून काढून टाकण्याबाबत

(फॅक्सने व कुरिअरने)

दि. १४ जून २००५
रियाध, सौदी अरेबिया

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
पश्चिमघाट दूरशिक्षण विद्यापीठ,
सातारा.

विषय : एम. ए. (इतिहास) भाग दोन, ‘समकालीन ब्रिटन’ या विषयाच्या निकालपत्रकात माझ्या नावापुढे मारलेला शेरा, सदर पत्रक माझ्या पतीच्या कफीलकडे जाण्यापूर्वी वगळणेबाबत.

संदर्भ : १) रियाध अभ्यासकेंद्राचे निकालपत्रक (मसुदा). २) आपल्या विद्यापीठाच्या ‘आतल्या माणसांकडून इतिहास’ या योजनेचे परिपत्रक.

महोदय,

१. मी, हफीजा तल्हा मुकादम, मूळ राहणार रत्नागिरी, सध्या रियाध, आपल्या विद्यापीठाच्या येथील अभ्यासकेंद्राची विद्यार्थिनी आहे. माझे पती श्री. तल्हा मुकादम एका बांधकाम कंपनीच्या हिशेब विभागात आहेत. आमची मुलगी आलिमा साडेतीन वर्षांची आहे. मी आणि आलिमा या देशात राहतो ते पतीच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर. आणि पतीचा इकामा त्यांच्या कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, मर्जीवर. साताऱ्यात बसून ही साखळी दिसत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. मला प्रवेश देताना केंद्राने कफीलचे ना-हरकत पत्र मागितले होते. त्यामुळे निकालाची एक प्रत कफीलच्या कार्यालयात जाते. कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारा जो माणूस असतो, ज्याला इथे मंदूब म्हणतात, त्याच्या हातात ती पडते. केंद्राचा प्रत्येक कागद दोन रकान्यांत असतो, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. मंदूब फक्त उजवीकडचे वाचतो.

२. गेल्या वर्षी आपल्या विद्यापीठाने संदर्भ क्र. २ ची योजना आणली. राजकारणात प्रत्यक्ष वावरलेल्या व्यक्तींनी समकालीन इतिहास शिकवावा, त्यामुळे विद्यार्थ्यांना ‘दस्तऐवजांपलीकडचे सत्य’ कळेल, असे परिपत्रकात म्हटले आहे. मला योजना आवडली होती, हे मी लपवत नाही. ब्रिटनचे सरकारी कागद खुले व्हायला साधारण तीस वर्षे लागतात. तोवर कोणी आतला माणूस चार गोष्टी सांगत असेल, तर ऐकायला काय हरकत आहे, असे मला वाटले. माझे आजोबा ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर इंजिनखोलीत होते. आमच्या घरात आतला माणूस म्हणजे एवढाच अर्थ माहीत होता. विद्यापीठाचा आतला माणूस पाहण्याची मला उत्सुकता होती.

३. तो माणूस म्हणजे मि. थॉर्नबी. हे गृहस्थ १९८०च्या दशकात लंडनमध्ये एका मंत्र्यांचे खास सल्लागार होते. सध्या रियाधमध्ये एका कंपनीला सल्ला देतात. कशाबद्दल, ते वर्षभरात समजले नाही. आपणास माहीत असेलच की इथे स्त्रिया व पुरुष एका वर्गात बसत नाहीत. व्याख्याते पुरुषांच्या दालनात बोलतात आणि आम्ही शेजारच्या खोलीत टीव्हीवर त्यांना पाहतो. प्रश्न असेल तर खोलीतला फोन उचलायचा. पलीकडे केंद्र समन्वयक श्री. उल्हास गोडांबे तो घेतात आणि व्याख्यात्यांना सांगतात. पहिल्या दिवशी मि. थॉर्नबी पायावर पाय टाकून बसले आणि म्हणाले, ‘‘सज्जनहो, या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील. तरच मी मोकळेपणानं बोलेन.’’ तेवढ्यात आमच्या मीनाक्षीने फोन केला. आवाज येत नाही, एवढेच तिला सांगायचे होते. मि. थॉर्नबी दचकले.

‘‘कोण आहे?’’
‘‘सर, लेडीज,’’ उल्हास सर म्हणाले.
‘‘कुठे?’’
‘‘भिंतीपलीकडे, सर. त्यांना सगळं दिसतंय.’’

मि. थॉर्नबी यांनी वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिले, टाय सारखा केला आणि वर्षभर त्या कॅमेऱ्याकडेच बघून बोलत राहिले. म्हणजे आपले बोलणे खोलीबाहेर जाते हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आमच्या खोलीत आम्ही सहाजणी, चहा देणाऱ्या शरफुन्निसाबी आणि माझ्या मांडीवर रंगखडू घेऊन आलिमा, एवढी माणसे होती.

४. मि. थॉर्नबी काय शिकवतात याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. काम चांगले झाले असेल तर ते ‘आम्ही ठरवलं’ म्हणतात, आणि फसले असेल तर ‘मंत्र्यांनी ठरवलं’ म्हणतात. कोणत्या जेवणाला कोण कोणाशेजारी बसले होते हे त्यांना पक्के आठवते. वर्ष विचारले की ‘‘त्याच सुमारास’’ म्हणतात. मीनाक्षीने एकदा फोनवर एका कायद्याचे वर्ष दुरुस्त केले, तर म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही पुस्तकात वाचलंय. मी तिथं होतो.’’ पुरुषांच्या दालनात हशा झाला. पुस्तकातले वर्षच बरोबर होते. तिथे असणे आणि तिथे लक्ष असणे यांत फरक असतो, हे कोणत्याही लहान मुलाच्या आईला विचारावे.

५. आता मूळ मुद्दा. जानेवारीत मी स्वाध्याय लिहिला. त्यात मि. थॉर्नबी यांनी वर्गात सांगितलेली एक हकिकत त्यांचे नाव न घेता वापरली, कारण पहिल्या दिवसाचा तो नियम मला आठवत होता. स्वाध्याय परत आला. हकिकतीशेजारी लाल शाईत त्यांनी लिहिले होते : ‘आधार काय? कोणी सांगितले?’ गुण कापले. मी उल्हास सरांना विचारले, तर म्हणाले, ‘‘वहिनी, इतिहासात आधार द्यावाच लागतो, एवढं तरी तुम्हाला माहीत हवं.’’ म्हणून एप्रिलच्या परीक्षेत, ‘निर्णयप्रक्रियेचे एका उदाहरणाच्या आधारे विश्लेषण करा, पाहुण्या व्याख्यात्यांच्या विवेचनाचा आधार घेणे अपेक्षित’ या प्रश्नाला मी तीच हकिकत लिहिली आणि खाली आधार दिला : ‘मि. थॉर्नबी यांचे वर्गातील कथन’. प्रश्न मि. थॉर्नबी यांनीच काढला होता. उत्तरही त्यांनीच तपासले. शून्य गुण दिले आणि शेरा मारला : ‘विद्यार्थिनीने राजकीय विश्वासाने सांगितलेली बाब उघड केली आहे. गैरवर्तन.’

कोणापुढे उघड केली? उत्तरपत्रिका त्यांनी एकट्यांनीच वाचली. त्यांची गोष्ट मी त्यांनाच सांगितली, हा माझा अपराध.

६. गेल्या आठवड्यात उल्हास सरांनी मला निकालपत्रकाचा मसुदा दाखवला. अरबी मला वाचता येते, बरेचसे समजत नाही. लहानपणी मदरशात अक्षरे शिकले तेवढेच. परंतु माझ्या नावापुढे उजवीकडे जे दोन शब्द होते ते उर्दूतही आहेत आणि ते समजायला मदरसा लागत नाही. केंद्राच्या टायपिस्टने ‘विश्वासाने सांगितलेली बाब’ हे लांबलचक प्रकरण आटोपशीर करून तिथे ‘राजकीय गुपिते’ असे टाकले आहे. पुढे ‘उघड केली’ आणि ‘गैरवर्तन’. त्याच्यापुढे माझा इकामा क्रमांक. देश कोणाचा, गुपिते कोणाची, याचा उल्लेख अरबी रकान्यात नाही. जागा पुरली नसावी.

मी म्हणाले, ‘‘सर, हे कफीलकडे जाणार?’’ ते म्हणाले, ‘‘अहो वहिनी, तिथं कोण वाचतंय? एवढं मनावर नका घेऊ. साहेबांना इथं आणताना आमची काय दमछाक झालीय तुम्हाला माहीत नाही. आता शेरा काढा म्हटलं तर उठून जातील ते.’’ त्यांच्या टेबलावर मि. थॉर्नबी यांच्यासोबतचा त्यांचा फोटो चौकटीत लावलेला आहे. फोटोत मि. थॉर्नबी दुसरीकडे बघत आहेत.

७. महोदय, बॉम्बस्फोट झाल्यापासून गेली दोन वर्षे या शहरात काय वातावरण आहे ते आपण वर्तमानपत्रांत वाचले असेलच. बाजारात जातानाही गाडी तपासणीला थांबते. शिपाई काच खाली करायला लावतो आणि इकामा आणि माणूस आलटूनपालटून बघतो. माझी मुलगी त्याला हात हलवते आणि तो परत हात हलवेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. अशा ठिकाणी माझ्या नावापुढे ‘राजकीय गुपिते’ असा छापील कागद फिरणार आहे. समोरच्या फ्लॅटमधले कुटुंब याहून साध्या कागदावरून आठवड्यात परत गेले. त्यांच्या मुलीची तीनचाकी सायकल अजून आमच्या जिन्यात आहे.

पतींना मी रात्रीचे जेवण झाल्यावर सांगितले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘हफीजा, लंडनचा मंत्री तुला कशाला हवा होता गं?’’ मग उठून त्यांनी कपाट उघडले. आमचे पासपोर्ट कफीलकडे असतात, त्यामुळे कपाटात बघण्यासारखे काही नव्हते. तरी ते बराच वेळ उघड्या कपाटापुढे उभे राहिले. आलिमाने विचारले, ‘‘अब्बा, आर वी गोइंग?’’ त्यांनी कपाट लावून घेतले. पुढच्या महिन्यात आमच्या इकाम्याचे नूतनीकरण आहे. तो कागदही हाच मंदूब नेतो.

८. आपल्या योजनेबद्दल, न विचारता, एवढेच सांगते. राजकारणातल्या माणसाला वर्गात जरूर बोलवावे. पण त्याला साक्षीदार म्हणून बोलवावे, परीक्षक म्हणून नव्हे. त्याच्या शेजारी कागद ठेवावेत. त्याला प्रश्न विचारता यावेत आणि प्रश्न आला की हशा होऊ नये. ज्याने आयुष्यभर कोणाला काय सांगायचे नाही याचाच सराव केला, त्याच्या हातात लाल शाई दिली की काय होते, त्याचा नमुना आपल्यासमोर आहे. दस्तऐवजांपलीकडचे सत्य राहू द्या, निदान दस्तऐवजांइतके तरी मिळावे.

९. ते गुपित नेमके काय, याची आपणास चौकशीसाठी गरज लागेल. म्हणून खाली देत आहे.

मंत्र्यांकडे एक फाइल आली. एका लहान बंदरगावातले जहाजदुरुस्तीचे आवार चालू ठेवावे की बंद करावे, असा प्रश्न होता. मंत्र्यांनी ती मि. थॉर्नबी यांना दिली आणि वाचून दोन ओळींत सांगा म्हणाले. मि. थॉर्नबी यांना त्या संध्याकाळी नाटकाला जायचे होते. त्यांनी फाइलचे पहिले पान वाचले, शेवटचे पान वाचले आणि लिहिले, ‘बंद करण्यास हरकत नाही.’ मंत्र्यांनी गाडीत बसता बसता सही केली. आवार बंद झाले. ही हकिकत त्यांनी हसत सांगितली. नाटक चांगले होते, असेही सांगितले. मी फोन उचलून विचारले की तिथे किती माणसे कामाला होती. उल्हास सरांनी प्रश्न पुढे दिला. मि. थॉर्नबी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, ‘‘ते बहुधा मधल्या पानांवर असेल.’’ पुन्हा हशा. गावाचे नाव त्यांना आठवले नाही.

संपले. याला विद्यापीठ राजकीय गुपित म्हणते. आमच्याकडे याला कामचुकारपणा म्हणतात आणि तो सांगायला लंडनहून कोणी यावे लागत नाही.

१०. आता ही बाब आपणास माहीत झाली आहे. फॅक्स घेणाऱ्या कारकुनास, आवक क्रमांक टाकणाऱ्या बाईंना आणि हा कागद आपल्या टेबलावर आणून ठेवणाऱ्या शिपायासही माहीत झाली असेल. शरफुन्निसाबींना ती आधीपासून माहीत आहे. त्यांचे मत फारसे चांगले नाही. आलिमाचे वय पाहता तिच्याबाबत विद्यापीठाने सौम्य धोरण घ्यावे. एकट्या माझ्याच नावापुढे शेरा राहणे न्यायाचे दिसत नाही.

११. तरी विनंती की, सदर शेरा दोन्ही रकान्यांतून वगळावा, त्या उत्तराची फेरतपासणी अन्य परीक्षकाकडून व्हावी आणि तसे रियाध केंद्रास बुधवार, दि. २२ जूनपर्यंत फॅक्सने कळवावे. इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते आणि शनिवारी निकालपत्रके रवाना होतात. पास-नापासाचे पुढे पाहता येईल. मी पुन्हा परीक्षेला बसेन. शेऱ्याचे पुढे पाहता येणार नाही.

शेरा वगळणे नियमात बसत नसेल, तर मग तो नियम सर्वांना सारखा लागू करावा. राजकीय विश्वासाने मिळालेली बाब प्रथम कोणी उघड केली याबद्दल दुमत नसावे. मि. थॉर्नबी हेही या देशात इकाम्यावरच राहतात. त्यांनाही कफील आहेत, त्या कफीलच्या कार्यालयातही मंदूब आहे, आणि तोही उजवीकडचाच रकाना वाचत असणार.

आपल्या विद्यापीठाची अद्याप विद्यार्थिनी,

हफीजा तल्हा मुकादम

सोबत :
१) जानेवारीतील स्वाध्यायाची छायाप्रत, ‘आधार काय?’ या शेऱ्यासह.
२) निकालपत्रकाच्या मसुद्याची छायाप्रत.
३) मि. थॉर्नबी यांच्या कफीलच्या नावे जाणकाराकडून लिहून घेतलेले अरबी पत्र, एक पान, टंकलिखित, अजून सही केलेली नाही.

प्रत रवाना : तूर्त कोणासही नाही.