गॅस कुठं गेला

अरबी समुद्र, १२ जानेवारी १९९८

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

आमची गॅसची विहीर कोरडी निघाली. जागा मी सांगितली होती. समुद्राच्या तळाखाली चिखलात गाडले गेलेले बारीक जीव लाखो वर्षं शिजतात, त्याचा गॅस होतो. तो शिजलेला थर सापडला, पण त्याच्या डोक्यावरची वाळू रिकामी. साहेब रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोबत तिकीट लावलेलं राजीनाम्याचं पाकीट आहे. आपल्या घरातला कुठलाही अर्ज तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय जात नाही, म्हणून पाठवते. वाचा आणि टपालपेटीत टाका. आईला इतक्यात सांगू नका.

तुमचीच,
प्रियदर्शनी

शिरोली, २१ जानेवारी

चि. प्रियदर्शनी हिस, अ. उ. आशीर्वाद.

अर्ज वाचला. अक्षर सुधारलंय. आईला सांगितलं, तिच्यापासून लपवायची माझी छाती नाही. ती म्हणाली, पोरगी जेवती का न्हाय ते आधी विचारा.

तीस वर्षं फाउंड्रीत साचे भरतोय. वाळू ओली राहिली की लोखंडाचा रस ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगला भोक पडतं. नवा असताना मी भोकाजवळचीच वाळू तीन दिवस तपासली. ती कोरडी! कृष्णात मिस्त्रींनी दाखवलं, ओल पार दुसऱ्या टोकाला होती. वरची वाळू घट्ट ठोकलेली, म्हणून वाफ तिच्या पोटाखालून चढाचढानं सरकत कोपऱ्यात अडकली होती. तुझा गॅस सरळ वरच जाईल असं कुणी सांगितलं? वरचा घट्ट थर कुठं चढतो ते बघ. बाकी शिकलेली तू.

तुझा बाबा

मुंबई, ३० मे

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

गॅस खडकातल्या भेगेतून सरळ वर आला असेल असं मी धरून चालले होते. भेग चिखलानं बुजलेली होती! घट्ट थर पूर्वेला चढत होता. त्या चढाच्या माथ्यावर, अकरा किलोमीटरवर, गेल्या आठवड्यात गॅस लागला. तपासला, तर त्याच शिजलेल्या थरातला. साहेबांनी विचारलं, हे सुचलं कुठून. मी म्हटलं, शिरोलीच्या तज्ज्ञाकडून.

बाबा, चार महिने विचारायचं धाडस झालं नाही. राजीनामा ऑफिसात पोचलेलाच नाही. टपालात हरवलेला आता कुणाच्या हाती लागला तर? मला इथंच राहायचंय हो.

तुमची घाबरट लेक,
प्रियदर्शनी

शिरोली, ८ जून

चि. प्रियदर्शनी हिस, अ. उ. आशीर्वाद.

आई गल्लीभर पेढे वाटत सुटली आहे. पोरीनं एवढा गॅस काढला, मग आपला सिलिंडर अजून का आला न्हाय, असं विचारते.

अर्ज माझ्या ट्रंकेत आहे. त्यात तू लिहिलं होतंस, हे काम मला झेपत नाही. असला खोटा कागद मी आपल्या घरातून जाऊ देत नसतो.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझा बाबा

ता. क. तिकीट वाया कशाला घालवायचं? भिजवून सोडवलं. या पाकिटावर तेच आहे.