उलाम म्हणजे काय

३ फेब्रुवारी १९३७

पाद्रीसाहेब आज पुन्हा अडले. शलमोन राजाने बांधलेल्या मंदिराचं वर्णन मराठीत आणायचं चाललंय. मूळ भाषा इब्री. ती साहेबांना येते, मला येत नाही. मराठी मला येते. ती त्यांनाही येते असं त्यांचं म्हणणं. हैदराबादच्या हुकमाने शाळेत सगळं उर्दूत झाल्यापासून माझ्या मराठीला सोनपेठेत दुसरं गिऱ्हाईक नाही. म्हणून मीही तसंच म्हणतो.

शब्द आहे 'उलाम'. मंदिराच्या तोंडाशी, मोठ्या खांबांच्या पुढ्यात असलेलं काहीतरी. म्हटलं, सभामंडप. "तिथे सभा भरत नसे, पंडितजी." मग ओसरी. "ओसरीवर शेळी बांधतात." आमच्या ओसरीवर नाही बांधत. पण वाद घातला नाही.

५ फेब्रुवारी

देवडी नको — तिथे पहारेकरी बसतो. ढाळज नको — ती वाड्याला असते. पडवी नको, का ते सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

सरळ विचारलं, उलाम मंदिराच्या आत धरायचा की बाहेर? साहेब म्हणाले, एके ठिकाणी मंदिराच्या मापात धरलेला नाही, दुसरीकडे धरलाय. म्हणजे सोयीप्रमाणे! साहेब हसले नाहीत. तेवढ्यात म्हणाले, त्याच अक्षरांचा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'परंतु'.

घरी सांगितलं. आमच्या नर्मदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "देवाच्या दारात 'परंतु'? मग आपल्याकडं तरी दुसरं काय असतं?"

१९ फेब्रुवारी

गावच्या महादेवापुढचा मांडव मागच्या पावसाळ्यात कोसळला होता. आबासाहेब पाटलांनी तिथे सागवानी खांब उभे केले, वर पत्रे. पहिल्यापेक्षा दुप्पट मोठं. देवळाला असं काही नवं जोडायचं तर हैदराबादेहून परवानगी लागते. आबासाहेब म्हणाले, "शिवरात्र काय हैदराबादच्या कागदाची वाट बघती का?"

साहेब खुशीत आहेत. मांगवाड्यातला येडबा दोन वर्षं त्यांच्याकडे येतोय. ईस्टरला तो आणि सगळा मांगवाडा बाप्तिस्मा घेणार आहे.

४ मार्च

तहसीलदार दौऱ्यावर आले आणि थेट देवळासमोर घोडा थांबवला. "ये नया क्या बना है?" आबासाहेबांची उर्दू गावापुरती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

महिनाभर एकच प्रश्न डोक्यात. तोंडात 'उलाम' आला होता, तो गिळला. म्हटलं, "सायबान, हुजूर." म्हणजे नुसतं सावलीचं छप्पर.

"मंदिर का हिस्सा?"

"नहीं हुजूर. बाहर का. मुसाफिरों के लिए, धूप-बारिश में बैठने को."

"सब के लिए?"

"सब के लिए."

माणूस हुशार. मिशीत हसला. म्हणाला, ठीक, मग गावात दवंडी द्या. सायबान कोणत्याही जातीच्या माणसाला खुलं आहे. कुणाला अडवलं तर ते देवळाचं समजू आणि पाडू. चहा घेतला आणि गेला.

आबासाहेबांनी गुळाची ढेप घरी पाठवली. "किशनराव, गावाची अब्रू राखली तुमी."

५ मार्च

साहेबांना सायबान शब्द सांगितला. फार आवडला. लगेच लिहून घेतला. मला वाटलं, दोन्ही मंदिरांचं काम एकदम उरकलं.

१२ मार्च

शिवरात्र थाटात झाली. सायबानात नेहमीचेच लोक, नेहमीच्याच क्रमाने बसले. दवंडी दवंडीवाल्या आश्रुबाने दिली होती, गळा फाटेस्तोवर. ऐकली सगळ्यांनी. मनावर कुणी घेतली नाही, असं दिसतंय.

२४ मार्च

दुपारी गारपीट. लिंबाएवढ्या गारा. मांगवाड्याची छपरं उडाली. संध्याकाळी पाहतो तर येडबा, त्याची बायको कासाबाई आणि सगळा मांगवाडा सायबानात.

आबासाहेब धावत आले. "येडबा, ऊठ."

येडबा उभा राहिला, पण हलला नाही. "पाटील, दवंडीत आमालाबी बसा म्हणलंय."

कासाबाईच्या मांडीवर नातू. डोक्याला फडकं, फडकं लाल. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "लेकराचं डोस्कं फुटलंय. कुठं नेऊ सांगा."

मी घरी आलो.

२५ मार्च

आबासाहेबांच्या ढाळजेत पंच बसले. मला बोलावलं.

"तहसीलात जाऊन सांगा, ते देवळाचंच हाय म्हणून."

"सांगतो. मग ते पाडतील."

"मग बाहेरचं हाय म्हणा."

"मग येडबा बसणार."

मग आबासाहेब म्हणाले, "आतलं बी न्हाई, बाहेरचं बी न्हाई, आसं कायतरी म्हणा की. तुमी शिकलेले."

असा एक इब्री शब्द आहे म्हटलं, पण तहसीलात तो चालणार नाही.

"आन् 'सब के लिए' म्हणाया कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. भीतीने निघालं तोंडातून. घरी तेच सांगितलं. नर्मदाबाई म्हणाल्या, "भ्यालात म्हणून बोललात. एरवी बोलला असतात का?" आणि कपाटातली हळद काढून कुठेतरी निघून गेल्या. रागावल्या असाव्यात.

२८ मार्च

ईस्टर. साहेब पांढरा झगा घालून दारात उभे. मांगवाड्यातलं कुणी आलं नाही. उन्हं कलल्यावर ते स्वतःच निघाले, मी मागे.

येडबा सायबानात दोर वळत बसला होता. साहेबांना पाहून उठला, हात जोडले. "साहेब, तुमच्या देवाचं काई चुकलं न्हाई. तुमच्यात आलो तर देवाम्होरं बसाया भेटंल म्हणून येत होतो आमी. आता ते हितंच भेटायलंय. घराजवळ हाय."

परतताना साहेब फाटकाशी थांबून म्हणाले, "पंडितजी, सायबान हा शब्द खोडा."

२९ मार्च

खोडला. त्या जागी काय लिहू, विचारलं. साहेब म्हणाले, दुसरे पंडित येणार आहेत, ते पाहतील. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

३१ मार्च

आबासाहेबांचा निरोप. आमच्या घराला देवळाची बंदी. विहिरीची आणि न्हाव्याचीही. "कशापायी ते तुमाला ठावं हाय," एवढंच.

ठाऊक आहे. एका शब्दापायी. खरं सांगायचं तर मनात थोडा ताठा आला. एवढी किंमत माझ्या शब्दाला कधी कुणी दिली नव्हती. नर्मदाबाईंना तसं म्हणालोही.

५ एप्रिल

सोमवार. देवळात जायचं नाही, घरात करमेना. चालत चालत सायबानाशी गेलो.

आत नर्मदाबाई बसलेल्या. कासाबाईचा नातू मांडीवर घेऊन त्याच्या डोक्याला हळद लावत होत्या. गारपिटीपासून रोज येतात, कासाबाई म्हणाली. पाटलांनी दोनदा बजावलं. तरी येतात.

बंदी माझ्या शब्दासाठी नव्हती तर.

येडब्याने सरकून जागा केली. बसलो.