रोह्याच्या मैदानावरचा भोंगा

बाबा, धाकट्याचा फोन परवापासून लागत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो हाफ पँटमध्ये होता. आता तेलाच्या जहाजावर कामाला आहे, आणि ते जहाज आखातात आहे. टीव्हीवर अमेरिकेच्या युद्धनौका दाखवतात, मग नकाशा, मग पुन्हा युद्धनौका. आई खोलीत आली की मी क्रिकेट लावतो. फोन चार्जिंगला लावतो, पिन नीट बसली का बघतो, काढून पुन्हा लावतो.

अमेरिकेचं नाव निघालं की आपल्या घरात तुमची एकच गोष्ट निघायची. तुम्ही पेणच्या कॉलेजचे चढाईपटू. बांगलादेशचं युद्ध पेटलेलं, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी रेडिओवर, तरी पेण-रोहा कबड्डीचा सामना पुढे ढकलायला कुणी तयार नाही, कारण आदल्या वर्षी रोहा जिंकलेलं. पोह्यांची ताटली गुडघ्यावर ठेवून तुम्ही सांगताय. शेवटची चढाई. रोह्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोरानं तुमचा घोटा धरला आणि तेवढ्यात भोंगा वाजला. कुणीतरी ओरडलं, अमेरिकेची विमानं आली! माणसं गटारात, शेतात पालथी पडली. पंच शिट्टी तोंडात धरून आडवे. "त्या रोहेकरानं माझा पाय सोडला नाय," तुम्ही म्हणायचात, "आणि मी दम सोडला नाय. भोंगा थांबेपर्यंत कबड्डी कबड्डी चालूच. बाद कसा होईन मी?" भोंगा नुसता सरावाचा निघाला. सामना अनिर्णित राहिला. हा शब्द तुम्ही माझ्याकडून घोटून घेतला होता, म्हणून शाळा अर्ध्यावर सुटली तरी अजून चुकत नाही.

तो रोहेकर अजून आहे. रोह्याजवळच अष्टमी गावात राहतो. धाकट्याला जहाजावर त्याच्याच नातवानं लावलं, दोघं एकाच जहाजावर आहेत. म्हणून आज सकाळी मी गाडी पकडून बातमी विचारायला गेलो. कासूला गाडी थांबली तेव्हा फोन वाजला. कुठल्याशा कर्जाची जाहिरात होती. पुढची दोन स्टेशनं मला फोन खिशात नीट ठेवता येईना.

रोहेकर काका ओट्यावर बसले होते. त्यांच्याकडेही बातमी नव्हती. "कंपनीवाले फोन उचलत नाय. बस." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बापासारखाच पांढरा पडलास रे, पेणकर."

मला राग आला. "बाबांचा दम सुटला नव्हता," मी म्हटलं.

"व्हय? मी त्याच्या अंगावर पडलेलो, कान त्याच्या तोंडाशी. कबड्डी कुठली? आई गो, आई गो करत होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? सामना तुमचा झाला असता."

"माझे पण दात वाजत होते. ते तुझ्या बापानं कधी सांगितलं कुणाला?"

मी नाही म्हटलं. खरंच, ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. मग काकांनी माझं मनगट धरलं आणि आत चहा उकळून, गाळून, बाहेर येऊन गार झाला तरी सोडलं नाही. परतताना मी एवढंच मनात घोळवत होतो की तिकडे भोंगा वाजलाच, तर धाकट्याच्या शेजारी रोह्याचा पोर आहे. त्या विचारानं भीती गेली नाही. पण पेण आलेलं कळलं.

आईनं दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"बाबांना अजून बादच म्हणतात."

"म्हणणारच. रोहेकर ते," आई म्हणाली आणि परवापासून पहिल्यांदा हसली. बाकीचं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता ती आत पडली आहे, फोन माझ्यासमोर आहे, आणि हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून खरं ते लिहितो. मनगट धरलेलं असतानाच काकांनी मला विचारलं होतं, "मग? बाद का नाय?" मला तुमचीच बाजू घ्यायची होती. पण उत्तर दिलं की ते मनगट सोडतील, म्हणून मी कितीतरी वेळ गप्प राहिलो. शेवटी गाडीची वेळ झाली. म्हटलं, बाद.