तिसरा रकाना

मंगळवार, तिवसा. दिवेलागण.

तिसरा रकाना कोरा सोडणार होते. आता नाही.

आमच्या संस्थेला निधी मिळावा म्हणून मुंबईच्या फाउंडेशनचा अर्ज सकाळी भरायला घेतला. तीन प्रश्न, तीन रकाने. कुटुंबांसाठी काय करता? बालवाडी. समतेसाठी? दोन्ही वस्त्यांतल्या बायांचा एकच गट. आणि तिसरा: समुद्रासाठी काय करता?

तिवशात समुद्र! वैतागून फोनच केला. तिथल्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आतल्या भागातल्या, तो कोरा सोडा." मीही हो म्हटलं. काहून म्हटलं?

दुपारी गटातल्या रमाताईंना हसत हसत सांगितलं. दर शनिवारी नाल्यातलं प्लास्टिक उचलायला त्या सगळ्यांच्या आधी उतरतात. त्या हसल्या नाहीत.

"आपला नाला कुठी जाते?"

"वर्धा नदीत. मग गोदावरीत. मग समुद्रात."

"मंग? वरच्या वस्तीनं टाकलेलं आमच्या दारात येते, काहून का आमी खाली रायतो. समुद्र तर सगळ्याच्या खाली हाये. त्याले बी आमच्यासारकं सगळ्याइचं घ्या लागते. कोरं काहून सोडता?"

म्हणजे इतके शनिवार आम्ही समुद्राचंच काम करून राहिलो, आणि अर्ज लिहिणाऱ्या मलाच पत्ता नाही!

तिसऱ्या रकान्यात रमाताईंचं बोलणं लिहिलं, जसंच्या तसं. 'हाये'चं 'आहे' केलं नाही. जागा पुरली नाही, तर पान उलटून मागे लिहिलं. मॅडमना कळलं नाही तर फोन करतील.

करू देत. मी तो रमाताईंच्या हातात देईन.