फसलेला ब्रश

मी, खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा जुने फोटो दुरुस्त करण्याचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वकीलबाई म्हणाल्या, थोडक्यात लिहा. बघू जमतं का.

१. राहतं घर, कामाची खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीची. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. त्याच्या नादी लागू नये, प्लंबरनेही हात टेकले आहेत.

२. आरामखुर्ची माझ्या मेहुण्याला, म्हणजे मुलीच्या मामाला. तिला बटण नाही, म्हणून. माझी बायको गेली त्याच्या पुढच्याच वर्षी या गृहस्थाने, गेम चालत नाही म्हणून, माझा कॉम्प्युटर पार पुसून काढला. त्यात तिचा एकमेव फोटो होता. बायको फोटोवाल्याची, पण कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. म्हणायची, "भिंतीवर लटकून दिवसभर तुमच्याकडे बघत बसू का?" नवा डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा खिडकीत केस वाळवताना तिला एकदाच गाठलं. मुलगी तेव्हा रांगत होती आणि ती दोन वर्षांची व्हायच्या आतच आई गेली, त्यामुळे तिला आईचा चेहरा आठवत नाही. पुढे ती आरशात बघून विचारायची, "बाबा, आई अशीच होती का हो?" मी "हो" म्हणायचो. दाखवायला होतंच काय माझ्याकडे! मेहुण्याशी मी तेव्हापासून धड बोललेलो नाही.

३. माझे ब्रश. हे हातात धरायचे नव्हेत, कॉम्प्युटरमधले. वाफेचा, गवताचा, पोपडे आलेल्या भिंतीचा फोटो घ्यायचा, काळापांढरा करायचा, हवा तेवढा भाग निवडून त्याचा ब्रश करायचा. काळं ते उमटतं, पांढरं गळून जातं, रंग आपण द्यायचा. सगळ्यात चालला तो केसांचा ब्रश, बायकोच्या त्या फोटोतून केलेला. "केस घ्या, तोंड नको," अशी तिची परवानगी होती. विटलेल्या फोटोत कुणाचे केस उडाले असले की मी तोच फिरवायचो. कितीतरी घरांत आजोबांच्या डोक्यावर माझ्या बायकोचे केस आहेत! हे सांगितलं की ती हसून बेजार व्हायची.

समोरच्या स्टुडिओवाल्याने हे सगळे ब्रश मला न विचारता कॉपी करून नेले होते, म्हणूनच ते मेहुण्याच्या तडाख्यातून वाचले आणि मला त्याच्याकडून परत आणता आले. चोर तो चोरच. तरी आता त्याने ते राजरोस वापरावेत.

४. वरचं कलम लिहिण्यासाठी मी काल प्रत्येक ब्रश पांढऱ्या पानावर एकदा उमटवून पाहिला. शेवटी एक बिननावाचा निघाला. माउस दाबला, आणि अख्खी बायको समोर! खिडकी, ओले केस, हसणारा चेहरा, सगळं. पहिल्यांदा ब्रश करताना केस निवडायचेच विसरलो होतो, सगळ्या फोटोचाच ब्रश झाला होता. नवशिक्याची चूक. फसला म्हणून दुसरा केला आणि हा पुसायचा राहिला. एवढा म्हातारा मी, ढसाढसा रडलो.

सदर ब्रश माझ्या पश्चात मुलीस मिळावा.

कलम ४ मधलं शेवटचं वाक्य रद्द. पश्चात कशाला? लिहिता लिहिता माझाच मला राग आला. फोन केला, "आहेस तशी ये." ती धापा टाकत आली. तिला वाटलं, मी आजारी आहे. मी तिच्या हातात माउस दिला. "ओढू नकोस. एकदाच दाब."

तिने दाबला आणि खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "बाबा, ही हसताना नाक आक्रसून घेते. माझ्यासारखं."

"तू तिच्यासारखं," मी म्हटलं.

वस्तू हातोहात दिली. एक प्रत मेहुण्यालाही द्यावी. शेवटी बहीण त्याची होती.

५. ब्रशमध्ये रंग राहत नाही आणि तिचे रंग आता फक्त मला माहीत आहेत. तेही मुलीला देतो. केस तांबूस, उन्हात जास्तच. गाऊन फिकट पोपटी. खिडकी पांढरी, कडेने पिवळी पडलेली. डोळ्यांचा रंग लिहीत नाही. तो तिने आरशात बघून घ्यावा.

एवढंच माझं सांगणं, वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही: फोटोवाला
साक्षीदार: वकीलबाई, खालच्या मजल्यावरचा शिंपी
स्थळ: माझी कामाची खोली
दिनांक: मुलगी धावत आली तो

(जिला मिळायचं तिला साक्षीदार होता येत नाही म्हणे. ती बाजूला बसून रंग भरते आहे.)